बर्फ लोटणारी फळी : छोट्या ट्रॅक्टरची घरगुती जोडणी आणि तिच्यातलं विज्ञान



आधी एक गणित सोडवू. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट ३० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे. रात्रीतून तिच्यावर २० सेंटिमीटर जाडीचा बर्फ पडला. तर एकूण बर्फ किती? ३० गुणिले ३ गुणिले ०.२०, म्हणजे १८ घनमीटर. पाचवीचं पोरगंही हे करेल. आता पुढचा प्रश्न विचारा : या बर्फाचं वजन किती?

इथे मुलं अडकतात, कारण आपल्याकडच्या मुलांना बर्फ म्हणजे फ्रीजमधला खडा किंवा गोळेवाल्याची लादी. मराठीत आपण दोन्हीला 'बर्फ'च म्हणतो. पण आभाळातून पडणारा ताजा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा असतो, त्यात बहुतेक हवाच असते. लादीचा बर्फ एक घनमीटर घेतला तर त्याचं वजन ९१७ किलोच्या आसपास भरतं, आणि ताजा भुसभुशीत बर्फ ५० ते १०० किलो. तोच बर्फ ओला झाला, वाऱ्याने दाबला गेला की ३०० किलोपर्यंत सहज जातो. म्हणजे आपल्या वाटेवर हलका बर्फ धरला तरी १,८०० किलो, आणि ओला धरला तर ५,४०० किलो! एका फावड्यात ५ किलो धरा. हलक्या बर्फाला ३६० फावडी, ओल्याला हजाराच्या वर. तेही सकाळी कामावर निघायच्या आत. आणि उद्या परत पडणार नाही याची खात्री नाही.

अमेरिकेतील मिनेसोटा, मिशिगन, व्हरमाँट किंवा न्यूयॉर्क राज्याचा वरचा भाग, आणि त्याला लागून कॅनडा, इथल्या खेड्यांत राहणाऱ्या माणसांचं हिवाळ्यातलं हे रोजचं गणित आहे. मोठ्या सरोवरांवरून येणारा वारा वाफ उचलतो आणि काठावर बर्फ ओततो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बफेलो शहराजवळच्या ऑर्चर्ड पार्कला एकाच वादळात सुमारे दोन मीटर बर्फ पडला होता. म्हणजे वर्गाच्या दाराएवढा! सरकारी गाड्या मुख्य रस्ते साफ करतात, पण स्वतःच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट ज्याची त्याने मोकळी करायची. रुग्णवाहिका दारापर्यंत येऊ शकेल की नाही, हे त्यावर ठरतं.

म्हणून तिथे ज्याच्याकडे छोटा ट्रॅक्टर आहे तो त्याच्या पुढे एक फळी बसवतो आणि बर्फ लोटतो. तयार फळी बाजारात मिळते, पण महाग पडते. मग हाताने काम करणारी माणसं भंगारातून लोखंड आणून घरीच बनवतात. ही घरगुती फळी कशी बनते, ते आज पाहू. तुम्ही म्हणाल, गुरुजी, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? नाही पडत. पण तिथला ट्रॅक्टर आपल्या ओळखीचा आहे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत ब्लोअर घेऊन फिरणारा जो छोटा ट्रॅक्टर असतो ना, साधारण त्याच मापाचा : २० ते ४० अश्वशक्ती आणि वजन टनाच्या आसपास. आपल्या महिंद्रा कंपनीने तर १९९४ मध्ये अमेरिकेत ट्रॅक्टरचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा तिथल्या एखाद्या लाल ट्रॅक्टरचं माहेर मुंबईचं असतं. आणि फळी? आपल्या आजोबांचा मैंद, माती ओढायची केणी, आताच्या ट्रॅक्टरची लेव्हलची फळी, ही सगळी तिचीच भावंडं. फक्त आपण माती ओढतो आणि ते बर्फ लोटतात.

सपाट पत्रा का चालत नाही?

पहिला विचार कोणाच्याही मनात हाच येतो की एक जाड पत्रा ट्रॅक्टरपुढे उभा बांधला की झालं. करून पाहिलं तर काय होतं? बर्फ पत्र्यासमोर साचतो, ढीग वाढत जातो, पत्र्याच्या वरून मागे ट्रॅक्टरवर पडायला लागतो, आणि ढीग एवढा जड होतो की चाकं जागेवर फिरू लागतात.

म्हणून फळीला कमान देतात. खालची धार बर्फाखाली शिरते, बर्फ कमानीवरून वर चढतो, वरच्या काठाशी पुढे वळून परत स्वतःवरच पडतो. तो गुंडाळल्यासारखा होतो. नांगराने माती कशी पलटते ते शेतकऱ्याच्या मुलाला सांगावं लागत नाही. ही तीच गोष्ट आहे. गुंडाळत जाणारा बर्फ घासत नेलेल्या बर्फापेक्षा कमी जोरात सरकतो.

आता कमान आणायची कुठून? पत्रा वाकवायचं रोलिंग मशीन घरी कोणाकडे असतं! इथे या लोकांची हुशारी दिसते. ते मोठ्या व्यासाचा लोखंडी पाईप शोधतात. समजा ६० सेंटिमीटर व्यासाचा पाईप मिळाला. त्याचा परीघ साधारण १८८ सेंटिमीटर. त्याचे उभे तीन सारखे भाग कापले तर प्रत्येक भागाची कमान सुमारे ६३ सेंटिमीटर भरते, आणि तो उभा ठेवला की उंची जवळजवळ ५२ सेंटिमीटर. छोट्या ट्रॅक्टरला ४५ ते ६० सेंटिमीटर उंचीची फळी लागते, म्हणजे बरोबर बसली. शिवाय एका पाईपात तीन फळ्या निघतात, एक आपल्याला आणि दोन शेजाऱ्यांना. सातवी-आठवीला वर्तुळ शिकवताना 'पिझ्झाचे तीन भाग' करण्यापेक्षा हे उदाहरण मला कितीतरी आवडतं. कागदी नळी कापून मुलांकडून मोजून घ्या, ५२ खरंच येतं का ते.

कोणी पाईपऐवजी पाण्याची जुनी टाकी वापरतं, कोणी जाड प्लास्टिकचा गटाराचा पाईप उभा चिरतं. प्लास्टिकला बर्फ चिकटत नाही हा त्याचा फायदा. लोखंडाला चिकटतो, म्हणून रंग गुळगुळीत देऊन वर मेण घासतात.

एक गोष्ट इथेच ठासून सांगतो. जुनी डिझेलची, पेट्रोलची किंवा गॅसची बंद टाकी कापायला घेणं म्हणजे बॉम्ब कापणं. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, आणि ग्राइंडरच्या एका ठिणगीवर ती उडते. आपल्याकडेही गॅरेजात टाक्यांना वेल्डिंग करताना असे अपघात होतात. तसंच जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड केला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. मुलामा आधी घासून काढायचा आणि काम उघड्यावर करायचं.

तिरपी फळी आणि एक चोर हिशोब

फळी सरळ ठेवली तर बर्फ पुढेच ढकलला जातो. ती डावी-उजवीकडे तिरपी केली की बर्फ तिच्यावरून घसरत एका बाजूला पडतो आणि वाटेच्या कडेला लांबलचक बांध तयार होतो. साधारण ३० अंशांचा कोन पुरतो.

पण फळी तिरपी केली की तिची रुंदी कमी होते. दीड मीटर, म्हणजे १५० सेंटिमीटरची फळी ३० अंश वळवली तर समोरून ती फक्त १३० सेंटिमीटर दिसते. ट्रॅक्टरची चाकं बाहेरून बाहेर १२० सेंटिमीटर असतील तर दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर उरले, ठीक आहे. पण कोणी 'ट्रॅक्टर १२० चा, मग फळीही १२० चीच करू' म्हणून बनवली, तर तिरपी केल्यावर ती १०४ सेंटिमीटरच भरणार. मग एक चाक कायम न काढलेल्या बर्फावरून चालणार, तो दाबून दगडासारखा करणार, आणि नंतर तो कशानेही निघणार नाही. वरच्या वर्गांत त्रिकोणमिती येते तेव्हा हे कोसाइनने काढता येईल. पाचवीच्या मुलांनी बाकावर पट्टी तिरपी ठेवून गुण्यांनी समोरची रुंदी मोजली तरी पुरे.

वळवण्याची सोय अगदी साधी असते. फळीच्या मागे मधोमध एक जाड उभी पिन, जिच्याभोवती फळी फिरते. तिच्याजवळ अर्धगोल जाड पट्टी, तिला ठरावीक अंशांवर भोकं. पाहिजे त्या भोकात पिन घातली की फळी त्या कोनात अडकली. वर्गातल्या कोनमापकाचा हा लोखंडी भाऊ. ज्याच्याकडे जास्तीचे पैसे आहेत तो हायड्रॉलिकचा दंडा लावतो आणि सीटवर बसूनच कोन बदलतो. भोकं-पिनवाल्याला थंडीत उतरावं लागतं, एवढाच फरक.

तिरप्या फळीचं आणखी एक दुखणं आहे. बर्फ फळीला काटकोनात मागे रेटतो. फळी ३० अंश तिरपी असेल तर त्या रेट्याचा निम्मा भाग आडवा जातो आणि ट्रॅक्टरचं नाक एका बाजूला ढकलतो. पुढची चाकं बर्फावर असतात, ती घसरतात. स्टेअरिंग डावीकडे, ट्रॅक्टर उजवीकडे! त्यामुळेच फार रुंद किंवा फार तिरपी फळी छोट्या ट्रॅक्टरला झेपत नाही. 'मोठी करू, काम लवकर होईल' हा हिशोब इथे उलटा पडतो.

जोर कुठून जातो?

माझ्या मते या सगळ्या जोडणीत सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हा आहे. फळी दिसते, म्हणून सगळे तिच्याकडे बघतात. पण फळीवर येणारा रेटा ट्रॅक्टरच्या कुठल्या हाडावर जातो, ते कोणी बघत नाही.

ट्रॅक्टरच्या नाकाशी, रेडिएटरखाली एक बिडाचा ओतीव भाग असतो. तिथे चार बोल्ट मारून फळी बसवायचा मोह होतो, कारण भोकं तयार असतात. पण बीड दाब सोसतं, झटका सोसत नाही, ते तडकतं. समजदार माणसं फळीपासून दोन लांब दांडे ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागे नेतात आणि मधल्या सांगाड्याला किंवा मागच्या धुऱ्याच्या पेटीला जोडतात. ढकलणारी ताकद मागच्या चाकांतून येते, तर रेटाही तिथेच पोचवायचा. बैलाच्या खांद्यावरचं जू आठवा. जोर नीट जागी यावा म्हणून सुतार किती काळजीने ते घडवतो. वेसणीला नांगर बांधत नाही कोणी!

हे दांडे आणि फळीची मागची चौकट त्रिकोणी असते. चौकोन रेटला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळ्या आणि काड्या घेऊन चौकोन, त्रिकोण बनवायचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. त्याच तासाला हे चित्र फळ्यावर काढा.

काही जण फळी पुढे लावतच नाहीत, मागे लावतात. मागे तीन दांड्यांची लिफ्ट असते, खाली दोन हात आणि वर टॉपलिंक. ही रचना हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या माणसाने १९२० च्या दशकात आणली, आणि पुढे ती एवढी सर्वमान्य झाली की कुठल्याही कंपनीचं अवजार कुठल्याही ट्रॅक्टरला बसावं म्हणून मापंच ठरून गेली. छोट्या ट्रॅक्टरच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, मग तो ट्रॅक्टर बारामतीत असो की मिनेसोटात. त्यामुळे मागची फळी बनवणं फार सोपं. पुढच्या बाजूला मात्र असं ठरलेलं माप नाही, प्रत्येक कंपनीचं नाक वेगळं. म्हणून पुढची फळी बनवणाऱ्याला आपल्या ट्रॅक्टरखाली झोपून स्वतः मापं घ्यावी लागतात. मागच्या फळीची अडचण अशी की बर्फ काढायच्या आधीच चाकं तो तुडवतात. उलटं चालवलं तर तुडवत नाहीत, पण तासभर मान वळवून बसावं लागतं.

दगड आडवा आला तर?

बर्फाखाली काय आहे ते दिसत नाही. एखादा दगड, गटाराचं झाकण, फरशीचा वर आलेला कोपरा. समजा ट्रॅक्टर १,००० किलोचा आहे आणि ताशी ८ किलोमीटरने चालला आहे, म्हणजे आपण झपाझप चालतो त्याहून थोडा जास्त. फळी अडली आणि दोन सेंटिमीटरमध्ये सगळं थांबलं, तर तो धक्का साधारण १२ टनांच्या वजनाएवढा होतो. वेल्डिंग सुटेल, दांडा वाकेल, आणि चालवणाऱ्याची छाती स्टेअरिंगवर आपटेल.

उपाय काय? फळी खालच्या बाजूला बिजागरीवर ठेवायची आणि वरून दोन दणकट स्प्रिंगांनी मागे ओढून धरायची. धार दगडाला अडली की फळी पुढे झुकते, स्प्रिंग ताणली जाते, धार मागे सरकून दगडावरून निघून जाते, आणि स्प्रिंग फळीला परत उभी करते. तोच ट्रॅक्टर दोनऐवजी पंधरा सेंटिमीटरमध्ये थांबला तर धक्का पावणेदोन टनांच्या आत येतो. ट्रॅक्टर तोच आणि वेगही तोच, फक्त थांबायला जागा मिळाली. क्रिकेटचा चेंडू झेलताना हात मागे का घेतो, हे मुलांना विचारा. आणि ज्यांच्या रानात दगड आहेत त्यांना स्प्रिंगचा मोगडा विचारा. दगड आला की फण मागे होतो आणि परत जागेवर येतो. हे ज्ञान त्यांच्या घरातच आहे.

फळीच्या खालच्या काठाला एक वेगळी जाड पट्टी बोल्टने लावतात, सुमारे दहा मिलिमीटरची. घासणार ती, झिजणार ती, बदलायची फक्त ती. वखराची पास जशी बदलतो तसं. फरशीची किंवा विटांची वाट असेल तर लोखंडाऐवजी जुन्या टायरचा किंवा कन्व्हेअर बेल्टचा जाड रबरी तुकडा लावतात, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. आणि वाट खडीची असेल तर? मग फळीखाली दोन्ही टोकांना लोखंडी बुटासारखे टेकू देतात. त्यामुळे धार जमिनीपासून एक-दोन सेंटिमीटर वर राहते, नाहीतर बर्फाबरोबर सगळी खडी हिरवळीत जाऊन पडते आणि उन्हाळ्यात ती वेचत बसावी लागते.

उचलायला काय करतात? काही ट्रॅक्टरांना पुढे लोडरचे हात असतात, त्यावरच फळी बसते. ज्यांना नसतात ते पुढे एक छोटी विजेची चरखी लावतात, किंवा पोटाखालून साखळी मागे नेऊन मागच्या लिफ्टला अडकवतात. लिफ्ट वर केली की साखळी ताणते आणि फळी उचलते. साखळी फक्त ओढते, दाबत नाही. म्हणून खाली सोडल्यावर फळी आपल्याच वजनाने जमिनीवर टेकते आणि चढ-उतारासोबत वरखाली होते. साधी गोष्ट, पण कामाची.

चाकं जमिनीला धरणार कशी?

इंजिनात ताकद कितीही असो, चाक घसरलं की संपलं. चारही चाकं फिरवणारा १,००० किलोचा ट्रॅक्टर कोरड्या काँक्रीटवर ७०० किलोच्या आसपास रेटा देऊ शकतो. दाबलेल्या बर्फावर तोच ट्रॅक्टर २०० ते ३०० किलोवर येतो, आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर १०० वर. घर्षणाचा धडा इतका उघड क्वचितच दिसतो.

म्हणून मागच्या टायरांवर साखळ्या चढवतात. शिवाय वजन वाढवतात. पुढे लोखंडी फळी टांगली की मागची चाकं हलकी होतात, सी-सॉसारखं. मग मागे लिफ्टवर काँक्रीट भरलेला पिंप लटकवतात. २०० लिटरचा पिंप अर्धा भरला तर काँक्रीटचं वजन किती? एक लिटर काँक्रीट साधारण २.४ किलो धरा आणि मुलांना काढू द्या.

दुसरा उपाय आपल्याकडेही करतात : टायरमध्ये पाणी भरणं. पण मिनेसोटात साधं पाणी भरलं तर ते आत गोठून बसेल. म्हणून तिथे कॅल्शियम क्लोराइड हा क्षार विरघळवलेलं पाणी भरतात. ते सहजासहजी गोठत नाही, आणि साध्या पाण्यापेक्षा जडही असतं. वाईट एवढंच की ते गळलं तर लोखंडाची रिम खातं. म्हणून काही जण बीटच्या रसापासून बनवलेला द्रव भरतात. हो, बीटचा रस, टायरमध्ये! हे सांगितल्यावर वर्गात पाच मिनिटं गोंधळ असतो. मीठ घातल्याने पाणी का गोठत नाही, हे दाखवायला लाकडी बादलीतलं हाताने फिरवायचं आईस्क्रीम उत्तम. बर्फात मीठ का टाकतात, ते आजी सांगेल.

चालवण्याच्या काही रीती तर ऐकण्यासारख्या आहेत. बर्फ पडायच्या आधीच, जमीन मऊ असताना, वाटेच्या दोन्ही कडांना काठ्या रोवून ठेवतात, नाहीतर सगळं पांढरं झाल्यावर वाट कुठली आणि गटार कुठलं? पहिल्याच बर्फाला बांध शक्य तितका लांब लोटतात. कारण तो गोठून भिंत होतो, आणि पुढच्या तीन-चार महिन्यांत दर वेळी वाट थोडी थोडी अरुंद होत जाते. वादळ संपायची वाट बघत नाहीत, दर दहा-पंधरा सेंटिमीटरला एक फेरी मारतात. आणि आपला बर्फ सार्वजनिक रस्त्यावर लोटायचा नाही, तिथल्या अनेक राज्यांत तो गुन्हा आहे.

१८६२ साली मिलवॉकी शहरात घोडे जुंपून बर्फाची फळी चालवली होती, तिथपासून ही विद्या चालत आली आहे. आपल्या देशातही ती आहेच. झोजिला खिंडीत, सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, सीमा रस्ते संघटनेचे जवान आणि मजूर दर वर्षी बर्फाच्या भिंती कापून लडाखचा रस्ता उघडतात. यंत्रं मोठी, पण तत्त्व हेच.

आता आपल्या अंगणातलं

पालकांनो, हा भाग नीट वाचा. तिथे अनुभवी माणूस ट्रॅक्टरवरून उतरताना फळी आधी जमिनीवर टेकवतो, मगच इंजिन बंद करून उतरतो. उचललेल्या फळीखाली तो हात घालत नाही, कारण हायड्रॉलिकची एक नळी फुटली की फळी क्षणात खाली येते. खाली काम करायचं असेल तर ठोकळे लावतो. रोलबार उभा आणि पट्टा बांधलेला. आणि ट्रॅक्टर मागेपुढे होत असताना मुलं घरात.

आपल्याकडे काय चित्र असतं? मडगार्डवर दोन पोरं, एक मांडीवर, आणि ट्रॉलीच्या आड्यावर उभा राहिलेला चौथा. कौतुकाने फोटो काढतात. मडगार्डवरून घसरलेलं मूल थेट मागच्या चाकाखाली जातं, आणि छोटा ट्रॅक्टर म्हटला तरी त्याचं वजन एक टन आहे. शाळेत मी मुलांना सांगतो, मुलं घरी सांगतात, आणि घरी उत्तर मिळतं, 'गुरुजींना काय कळतंय शेतीतलं.' तेव्हा हे थेट तुम्हालाच लिहितो आहे. एक सीट म्हणजे एक माणूस.

शिक्षकांसाठी दुसरी गोष्ट. प्रत्येक वर्गात एक-दोन मुलं अशी असतात ज्यांच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान आहे, किंवा चुलत्याचं गॅरेज. वाचनात मागे, शुद्धलेखनात लाल खुणाच खुणा. त्यांच्यासमोर हा विषय काढा आणि गप्प बसा. 'सर, आतून रिब नाय दिल्या तर पत्रा मारतो ना,' असं एकाने मला तासाला ऐकवलं, जे मी अजून सांगितलंही नव्हतं. बरोबर होतं ते. तीन-चार मिलिमीटरच्या पत्र्याला मागून दर फूट-सव्वा फुटावर उभी पट्टी द्यावीच लागते, नाहीतर तो पिळतो. त्या मुलाला रेटा कुठून कुठे जातो हे दिसतं, फक्त त्याला त्या दिसण्याचं नाव माहीत नाही. नाव द्यायचं काम आपलं.

प्रयोग असा घ्या. पसरट ताटात किंवा पत्र्याच्या ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर जाडीचा लाकडाचा भुसा पसरा. पुठ्ठ्याची एक सपाट फळी करा. दुसरी ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपच्या तुकड्यापासून कमानीची. दोन्ही तेवढ्याच रुंदीच्या. सपाट फळी सरळ ढकला, मग कमानीची सरळ, मग तीच ३० अंश तिरपी. प्रत्येक वेळी फळीवरून मागे किती भुसा सांडला तो वाटीने मोजा आणि तक्ता करा. फळीला खेळण्यातली गाडी जोडा, गाडीवर खडे वाढवत जा, चाकं कधी घसरायची थांबतात ते नोंदवा. जमल्यास जुन्या पेनची स्प्रिंग लावून, वाटेत खडा चिकटवून पाहा. भुसा थोडा ओला करून परत तेच सगळं करा, आणि आकडे किती बदलतात ते मुलांनाच वाचायला लावा. सगळं दोन तासिकांत बसतं, तिरप्या फळीला थोडा जास्त वेळ ठेवा. भुसा सुतारमेटावर फुकट मिळतो. रवा वापरू नका, दुसऱ्या दिवशी वर्गभर मुंग्या असतात.